महिनाभराचं लेखन चॅलेंज: पहिली तारीख यायच्या आधी काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने

एका महिन्यात रोज थोडं थोडं लिहून एका गोष्टीचा पहिला मसुदा पूर्ण करायचा, एवढंच हे चॅलेंज. पण दरवेळी तेच होतं. पहिल्या दिवशी तीन हजार शब्द, दुसऱ्या दिवशी दीड हजार, पाचव्या दिवशी गाडी अडते आणि दहा तारखेला माणूस स्वतःलाच सांगतो की आपल्यात शिस्त नाही. गेली काही वर्षं मी पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांना तयारीत मदत करते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण दहातल्या आठ जणांचा प्रश्न शिस्तीचा नसतोच. त्यांनी तयारी केलेली असते, फक्त भलत्याच गोष्टींची. नायिकेचा वीस पानी बायोडेटा, कव्हरचं डिझाईन, लिहिताना ऐकायची गाणी हे सगळं रेडी असतं, आणि आपला लिहायचा खरा वेग किती, पुढचे प्रसंग कुठले, दिवसातला नक्की कुठला तास आपला, या तिन्ही गोष्टी हवेत असतात.

म्हणून खाली जे लिहिलंय त्यातला मोठा भाग चॅलेंजच्या आधीच्या चार आठवड्यांचा आहे. क्रम बदलू नका. बरेच जण आधी गोष्ट ठरवतात, मग टार्गेट, आणि वेग तर मोजतच नाहीत. इथे ते उलटं आहे. हातात दोनच आठवडे असतील तर तिसरी पायरी छोटी करा, पण पहिली आणि चौथी अजिबात सोडू नका.

## पायरी 1: आधी स्वतःचा वेग मोजा (पहिला आठवडा)

वेगवेगळ्या तीन दिवशी, वेगवेगळ्या वेळी, 25 मिनिटांचा टायमर लावून लिहायचं. काय लिहायचं? कल्पनेतला एखादा प्रसंग, ज्यात दोन माणसं काहीतरी बोलतायत. डायरी नको, आठवणीही नकोत, कारण त्या भराभर येतात आणि वेग खोटा दाखवतात. मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. टायमर वाजला की थांबायचं आणि शब्द मोजायचे.

समजा तीन बैठकांचे आकडे आले 310, 190 आणि 240. बेरीज 740, सरासरी साधारण 247. पण मी यातले 220च धरेन, कारण या तीन दिवशी तुम्ही ताजेतवाने होता आणि महिन्याच्या सतराव्या दिवशी तसे नसणार आहात.

वेळही लिहून ठेवा. तो 310 चा आकडा सकाळी आला की रात्री अकराला? बऱ्याच जणांना इथे धक्का बसतो, आपण रात्रीचे लेखक आहोत असं वर्षानुवर्षं वाटत असतं आणि आकडा सकाळचा मोठा येतो.

तपासा: शब्द मोजणारं ॲप देवनागरी नीट मोजतंय ना? काही ठिकाणी मात्रा किंवा जोडाक्षर आलं की एका शब्दाचे दोन-तीन होतात. वीस शब्दांचं वाक्य हाताने मोजा, मग ॲपमध्ये टाका. वीस आलं तर ठीक. तेवीस आलं तर ते ॲप सोडा. वहीत लिहिणार असाल तर दहा ओळींतले शब्द मोजून दहाने भागा, ती तुमची एका ओळीची सरासरी, पुढे फक्त ओळी मोजायच्या.

## पायरी 2: टार्गेट मराठीत ठरवा

50,000 हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. तो नॅनोरायमोमधून (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ, याच नावाच्या संस्थेचं कादंबरी लिहायचं इंग्रजी चॅलेंज) आला, तिथे नोव्हेंबरच्या 30 दिवसांत 50,000 शब्द, म्हणजे रोज 1,667, असा हिशोब होता. ती संस्था 2025 मध्ये बंद झाली, आकडा मात्र चिकटून राहिला. तो इंग्रजीतल्या शब्दांवरून ठरलेला आहे आणि मराठी शब्द वेगळ्या पद्धतीने बनतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

हे बघा: "तिच्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या झाडावर". चार शब्द. इंग्रजीत हेच नऊ होतात, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात आणि त्यांचे तिथे सुटे शब्द असतात. प्रत्येक वाक्यात दुपटीचा फरक पडत नाही, पण पडतो. मराठीत 50,000 लिहिणारा माणूस इंग्रजीतल्या 50,000 पेक्षा बराच जास्त मजकूर लिहीत असतो आणि मग आपण मागे का पडतोय ते त्याला कळत नाही.

आता तुमचा 220 चा वेग घ्या आणि हिशोब करा. महिन्याचे दिवस 30 धरू नका, 25 धरा. पाच दिवस जाणारच आहेत, कुणीतरी आजारी पडेल, पाहुणे येतील, एखाद्या दिवशी ऑफिसमधून यायलाच दहा वाजतील.

समजा 36,000 शब्द हवे असतील, तर 25 दिवसांनी भागून रोज 1,440. त्याला 220 ने भागा, साडेसहा बैठका. म्हणजे रोज पावणेतीन तास निव्वळ लिहिणं, चहाचे ब्रेक वेगळे. 20,000 हवे असतील तर रोज 800, म्हणजे पावणेचार बैठकांच्या आत, साधारण दीड तास.

नोकरी करून आणि घर सांभाळून रोज पावणेतीन तास काढू शकणारे लोक असतात, पण थोडे. दीड तास काढणारे बरेच. मला विचाराल तर पहिल्या वेळी 20,000 घ्या आणि पूर्ण करा, 50,000 चं टार्गेट धरून 11,000 वर सोडून देण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं, कारण पूर्ण झालेल्या मसुद्यातून तुम्ही शेवट लिहायला शिकता आणि अर्धवट मसुद्यांमधून फक्त सुरुवाती लिहायला शिकता, त्या तर आपल्या सगळ्यांकडे ढिगाने पडल्यात.

पुढे मी 20,000 आणि रोजचे 800 धरूनच सांगते.

## पायरी 3: गोष्ट निवडा, पण परीक्षा घेऊन (दुसरा आठवडा)

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे दहा वर्षं मनात जपलेली कादंबरी या महिन्यात काढणं. ती इतकी जवळची असते की तिचं एक वाक्यही वाईट लिहिलेलं तुम्हाला सहन होत नाही, आणि या महिन्यात वाईट वाक्यं लिहावीच लागतात. तिला राहू दे. थोडी लांबची, पण कुतूहल वाटेल अशी कल्पना घ्या.

दोन-तीन कल्पना असतील तर प्रत्येकीला एकेक बैठक द्या. त्यातला पहिला प्रसंग लिहा आणि लगेच, उठायच्या आत, पुढचे तीन प्रसंग एकेका ओळीत लिहा. जिथे पुढच्या ओळी आपोआप आल्या ती गोष्ट घ्या. पहिला प्रसंग सुंदर झाला पण पुढे काही सुचेना, तर ती कथा असेल, कविताही असेल, महिनाभराची गोष्ट नव्हे.

मग तीन प्रश्न. कुणाला काय हवंय? ते का मिळत नाहीये? नाहीच मिळालं तर काय बिघडेल? तिसऱ्याचं उत्तर "विशेष काही नाही" असं असेल तर बारा-पंधरा तारखेच्या आसपास तुमचा स्वतःचाच गोष्टीतला रस संपेल.

## पायरी 4: प्रसंगांची यादी (दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्याच्या शेवटपर्यंत)

यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. 20,000 शब्द म्हणजे रोजच्या 800 च्या मापाने 25 प्रसंग, एका दिवसाला एक. पंचवीस कार्डं घ्या किंवा कागदाचे तुकडे कापा, फोनच्या नोट्समध्येही चालतं, पण मला कागद बरा वाटतो कारण ती जमिनीवर पसरून क्रम बदलता येतो.

प्रत्येक कार्डावर एक-दोन ओळी. त्यात माणसं कोण, जागा कुठली, आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदललेलं आहे. हे शेवटचं बहुतेकांचं राहून जातं.

माझ्याच एका मसुद्यातलं उदाहरण देते. दोन बहिणी वडील गेल्यावर त्यांचं घर रिकामं करायला येतात. माझं पहिलं कार्ड असं होतं: "दोघी घर आवरतात. जुन्या आठवणी निघतात." त्या दिवशी मी दोन तास बसून होते आणि तीनशे शब्दसुद्धा झाले नाहीत, कारण त्या कार्डात लिहायला काही नव्हतंच. दोघी आवरतायत, आवरतायत, पुढे काय? मग ते कार्ड फाडून असं केलं: "किल्ल्यांच्या जुडग्यातली एक किल्ली घरातल्या कुठल्याच कुलुपाला लागत नाही. थोरली म्हणते टाकून दे. धाकटी हो म्हणते आणि गुपचूप पर्समध्ये ठेवते." झालं. आता प्रसंगाच्या शेवटी दोघींमध्ये एक लपवलेली गोष्ट आहे आणि पुढचं कार्ड मला शोधावं लागलं नाही.

सगळी कार्डं ओळीने मांडली की दोन कार्डांच्या मध्ये मोठ्याने "म्हणून" किंवा "पण" म्हणून बघा. धाकटीने किल्ली ठेवली, *म्हणून* ती दुसऱ्या दिवशी एकटीच परत आली, *पण* थोरली आधीच तिथे होती. जमतंय. जिथे फक्त "आणि मग" म्हणता येतं तिथे गोष्ट सरकत नाहीये, नुसते दिवस सरकतायत.

शेवटचं कार्ड आधी लिहा. शेवट महिन्यात बदलला तर बदलू दे, पण कुठेतरी जायचंय हे माहीत असलं की मधली कार्डं सापडतात. मधलीच सापडत नसतील तर पहिली आठ आणि शेवटची चार तयार ठेवा, बाकीची दर रविवारी पुढच्या आठवड्यापुरती लिहा.

तपासा: कुठलंही कार्ड उचलून बाजूला ठेवा. त्याच्याशिवाय पुढचं कार्ड तसंच उभं राहत असेल तर ते कार्ड कमकुवत आहे. पंचवीसात अशी चार-पाच असली तर चालतं. दहा असली तर पहिली तारीख यायच्या आत बसा आणि बदला.

सांभाळा: कार्डाचं पान करू नका. कार्डावरच संवाद लिहायला लागलात तर मजा तिथेच संपते आणि प्रत्यक्ष लिहिताना नक्कल उतरवल्यासारखं वाटतं.

## पायरी 5: भाषेचे चार निर्णय आधीच घ्या

यातलं बरंचसं इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाही, आणि मराठीत लिहिणारे नेमके इथे अडखळतात. एका कागदावर लिहून समोर चिकटवा.

पहिला, निवेदन "केलं, गेलं, सांगितलं" असं की "केले, गेले, सांगितले"? काहीही निवडा, पण एकच. निम्म्यात बदललं तर नंतर हजारो शब्द हाताने सुधारावे लागतात.

दुसरा, कोण कुणाला अरे-तुरे करतं आणि कोण अहो-जाहो. धाकटी थोरलीला "ताई, तू" म्हणते की "ताई, तुम्ही"? सासरे सुनेला काय म्हणतात? नवरा-बायको चारचौघांत आणि घरात वेगळं बोलतात का? हे ठरलेलं नसलं की सातव्या प्रसंगात नातंच बदलल्यासारखं दिसतं. आणि ठरलेलं असलं तर उलटा फायदा होतो, कारण आयुष्यभर "तुम्ही" म्हणणारी बाई भांडणात एकदाच "तू" म्हणाली की त्या एका शब्दावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

तिसरा, सांगणारं कोण, "मी" की "ती"?

चौथा, पात्रांची बोली किती लिहायची. संवादात बोली आणि निवेदन प्रमाणभाषेत, हा सोपा आणि टिकणारा मार्ग. सगळंच बोलीत लिहायचं असेल तर ती बोली तुमच्या कानात रोजची हवी.

याच कागदाच्या मागे नावं, वयं आणि नाती. वय लिहिताना जन्मसालही लिहा. लग्नाच्या वेळी बावीस वर्षांची असलेली आई मुलाच्या तिशीत साठ वर्षांची निघते आणि मध्ये आठ वर्षं कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही, असं फार सहज होतं.

## पायरी 6: साधनं (तिसरा आठवडा, एका दिवसात उरकतं)

युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की अक्षरांचा काला होतो.

कीबोर्ड जो येतो तोच वापरा. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड, शिकायचा असेल तर जरूर शिका, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला अशी त्याची मांडणी आहे आणि एकदा बसला की हात छान चालतो, पण तो या महिन्यात शिकायचा नाही. सुरुवातीला वेग बराच कमी होतो.

बोलून टाइप करणं ज्यांना जमतं त्यांनी आधी एक अख्खी बैठक करून बघा. विरामचिन्हं येत नाहीत, नावं चुकतात, आणि संवाद कुणाचा कुठे संपला ते नंतर कळत नाही. मी प्रत्येक पात्राच्या वाक्याआधी त्याचं नाव मोठ्याने म्हणते, तेवढ्याने बरंच सुटतं.

फाईल एकच ठेवा आणि रोजच्या शेवटी तिची कॉपी दुसऱ्या ठिकाणी टाका, स्वतःला ईमेल केली तरी पुरे. एका वर्षी माझं लिखाण फक्त फोनमधल्या एका ॲपमध्ये होतं, ॲपने आपोआप लॉगआऊट केलं आणि परत आत गेले तर शेवटचे चार दिवस गायब. ते शब्द मी पुन्हा लिहिले, पण तेच नाही आले. दोन मिनिटांचं काम आहे, कृपा करून करा.

## पायरी 7: घरच्यांशी बोला आणि रंगीत तालीम करा (चौथा आठवडा)

"मी पुढचा महिना जरा बिझी आहे" असं सांगून काही होत नाही. नक्की सांगा, "रोज सकाळी सहा ते साडेसात मी दार लावून बसणार, तेवढ्या वेळात दूध तू बघ, बदल्यात रात्रीची भांडी माझी." ज्याच्याशी बोलताय त्याला त्याच्या वाट्याला काय येणार ते कळलं पाहिजे. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर सलग दीड तास विसरा, 25 मिनिटांचे तुकडे पाडा, आणि आपल्याला अखंड वेळ मिळत नाही म्हणून जमणार नाही असं मनात आणू नका, तुकड्यातुकड्यांत पूर्ण करणारे मी पाहिलेत.

मग सलग तीन दिवस तालीम. तीच वेळ, तीच जागा, तेवढेच 800 शब्द, पण दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीचे. खरी गोष्ट खर्च करू नका. या तीन दिवसांत कळतं की खुर्चीत पाठ दुखते, सहाला उठायचं तर रात्री अकराला झोपावं लागतं, आणि फोन त्याच खोलीत असला तर दर दहा मिनिटांनी हात जातो.

तपासा: तीनपैकी दोन दिवस 800 झाले? मग पुढे जा. एकही दिवस झाले नाहीत तर आत्ताच टार्गेट 15,000 करा, रोजचे 600. आत्ता कमी केलं तर तो हिशोब असतो, वीस तारखेला कमी केलं की मनाला हार वाटते.

## पायरी 8: महिना सुरू झाल्यावर रोजचा क्रम

बसल्यावर कालचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचा. सगळं पहिल्यापासून वाचत बसलात की दुरुस्ती सुरू होते, आणि कालचा परिच्छेद सुंदर करण्यात आजचे 800 जातात. मग आजचं कार्ड समोर ठेवा, टायमर लावा, लिहा.

माहिती अडली की शोधायला जाऊ नका. "@@ इथे कुलुपाचा प्रकार बघ" असं लिहा आणि पुढे चला. नंतर @@ शोधलं की सगळ्या मोकळ्या जागा एकदम सापडतात. गोष्टच बदलायची असेल, समजा सोळाव्या प्रसंगात कळलं की थोरलीला किल्लीचं आधीपासून माहीत होतं, तर मागे जाऊन पंधरा प्रसंग सुधारू नका. "@@ आतापासून थोरलीला माहीत आहे" असं लिहा आणि ते पहिल्यापासूनच तसं होतं असं धरून पुढे लिहा.

थांबताना प्रसंग पूर्ण संपवू नका. धाकटी दारापाशी आली, आतून आवाज आला, इथे उठा. उद्या बसल्यावर पहिलं वाक्य हातात असतं.

हात आणि डोळे सांभाळा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघा. मनगट दुखायला लागलं तर "होईल कमी" म्हणून रेटू नका, त्या दिवशी बोलून लिहा किंवा सुट्टी घ्या, पाच दिवस त्यासाठीच बाजूला ठेवलेत.

## पायरी 9: मागे पडलात तर

पडालच, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, कारण सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. तेव्हा कागद घ्या. समजा बारावा दिवस संपला आणि 5,600 शब्द झालेत. उरले 14,400, दिवस उरले 18. भागा: रोज 800. म्हणजे रोजचा आकडा बदललाच नाही, फक्त शिल्लक सुट्ट्या संपल्या. हे कागदावर दिसलं की छातीवरचं ओझं खरंच उतरतं, मनात मात्र "मी फार मागे आहे" एवढंच फिरत असतं.

राहिलेले शब्द एका रविवारी भरून काढायचा प्लॅन करू नका. तीन हजार शब्दांचा रविवार झाला की सोम, मंगळ कोरडे जातात.

गोष्टच अडली असेल तर ते कार्ड सोडून पुढच्या ज्या प्रसंगाची तुम्हाला ओढ आहे तो लिहा. कार्डं त्यासाठीच सुटी ठेवली होती.

## पायरी 10: शेवटचे पाच दिवस

पंचवीस तारखेला मोजा की किती प्रसंग राहिलेत. सगळे बसत नसतील तर मधले सोडा, प्रत्येकाच्या जागी "@@ इथे दोघी वकिलाकडे जातात, धाकटी खोटं बोलते" अशी एक ओळ टाका आणि शेवटचे तीन प्रसंग पूर्ण लिहा. लोक याच्या बरोब्बर उलट करतात, ओळीने लिहीत राहतात आणि तीस तारखेला गोष्टीच्या मधोमध उभे असतात, आणि मग तो शेवट पुढची कित्येक वर्षं लिहून होत नाही.

शेवटचं वाक्य झालं की फाईलच्या दोन कॉपी करा, नावात तारीख टाका आणि किमान तीन आठवडे उघडू नका. त्या दिवसांत काही सुचलं तर वेगळ्या कागदावर टिपा. कुणी वाचायला मागितलं तर अजून नाही म्हणा, पहिला मसुदा फक्त तुमचा असतो. तीन आठवड्यांनी प्रिंट काढा, पेन हातात न घेता एका बैठकीत वाचून काढा, आणि मगच @@ शोधायला बसा.